दुसरा ब्रेक

मास्तर ओरडले तर पास आणि मास्तर गोड बोलले तर नापास, हे गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात आधीचे शिकाऊ पहिल्याच दिवशी सांगून ठेवत. त्यात खोटं काही नव्हतं. ज्याच्या हातात गाडी येणार अशी मास्तरांची खात्री पटे, त्याची ते सालटी काढत. "आरसा काय भांग पाडायला दिलाय? क्लच सोड म्हटलं, फेकून दे नाही म्हटलं!" असा तोफखाना सुरू झाला की शिकणाऱ्याने मनातल्या मनात खूश व्हावं. पण एखाद्याच्या नशिबी गाडी नाहीच असं दिसलं, की मास्तर लोण्यासारखे मऊ होत. चाक फुटपाथवर चढलेलं असलं तरी म्हणत, "जमतंय, जमतंय. छान." बिचाऱ्याचं मन कशाला मोडा, ही त्यांची रीत.

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंना गाडी मास्तरांनीच शिकवली, पण त्यांच्या वाट्याला ना ओरडा आला ना गोडवा. त्यांच्या वाट्याला ब्रेक आला.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक दुसरा ब्रेक असतो. आतून एका दांड्याने तो चालवणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. मास्तरांनी इकडे दाबला की तिकडे चालवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली जाई आणि 'टक्' असा आवाज येई. मास्तरांचा उजवा पाय जन्मभर त्या ब्रेकवर. घरची गाडीही तीच. काकू शिकल्या, परीक्षा पास झाल्या, हातात लायसन्स आलं, तरी मास्तर शेजारी बसले की टक्. कुत्रं दिसलं, टक्. लांबवरचा सिग्नल पिवळा झाला, टक्. एकदा भर चौकात, समोर चिटपाखरू नसताना टक् झालं, तेव्हा काकूंनी गाडी बाजूला घेतली, किल्ली मास्तरांच्या मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "गाडी मी चालवतेय की तुम्ही?" उत्तराला न थांबता त्या चालत घरी गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत घरात नियम झाला. काकू चालवणार असतील तर मास्तरांनी मागच्या सीटवर बसायचं.

लेक लहान होती तेव्हापासून हा नियम. लेक पुढे, मास्तर मागे, गुडघे पोटाशी घेऊन. मागे बसूनही त्यांचा पाय दाबायचा थांबत नसे, पण तिथे दाबायला पायाखालची चटई सोडून होतं काय? ते मागून उंटावरून शेळ्या हाकत आणि काकू आरशात बघून गालातल्या गालात हसत. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, पुढची सीट रिकामी झाली, तरी मास्तर निमूटपणे मागचं दार उघडत. कधी वादच झाला नाही.

मग एका सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकले आणि तिथेच खाली बसले. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं होतं, असं इस्पितळात सांगितलं. उजवी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती ती आधी सुटली, मग हात थोडा थोडा येऊ लागला, बोटांनी पेला धरू लागले. पाय मात्र जसा गेला तसा गेलाच. घरी आल्यावर वॉकरला धरून मास्तर चालत तेव्हा डावा पाय चाले आणि उजव्याला मागून ओढून आणावं लागे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनीच सुचवलं, की याच्या जोडीला ॲक्युपंक्चर करून बघा. काकूंनी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "औषधं आणि व्यायाम सोडायचे नाहीत. त्यासोबत सुया लावून बघायच्या असतील तर जरूर बघा. काहींना उपयोग होतो, काहींना नाही होत. चमत्कार मात्र मागू नका."

चमत्कार नकोच होता. काकूंना फक्त पाय हवा होता.

पहिल्या दिवशी निघताना नियम मोडला. मास्तरांना मागच्या सीटवर घालताच येईना, पाय दारात अडके. शेवटी पुढची सीट सरकवून सरकवून मागे नेली, मास्तरांना बसवलं आणि काकूंनी दोन्ही हातांनी त्यांचा उजवा पाय उचलून आत ठेवला. जागा एकच होती. टाच खाली आणि चवडा त्या दुसऱ्या ब्रेकला टेकलेला.

इतक्या वर्षांनी मास्तर शेजारी. काकूंनी गाडी सुरू केली आणि त्यांचे कान आपोआप टवकारले. गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रं आडवं आलं. काहीच झालं नाही. सिग्नल पिवळा झाला. काहीच नाही. पोस्टाच्या वळणावर काकूंनी मुद्दाम, हो, अगदी मुद्दाम गाडी जरा जोरात घेतली. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण काकूंनी नवऱ्याला हजार वेळा ऐकवली होती. आता ती आठवली. माणूस शेजारी बसलाय, श्वास घेतोय, मग त्याची खोड गेली कुठे?

सुयांच्या डॉक्टर म्हणजे अगदी तरुण मुलगी होती. औषधांच्या दुकानाला लागून तिची खोली, त्यात एक उंच पलंग, हिरवा पडदा, कापसाची बरणी, आणि तिला अजून फारसं कुणी ओळखत नाही म्हणून बाहेरच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या. नवीनच सुरू केलं होतं. बोलताना शब्द एकमेकांवर आदळत आणि सुई हातात घेतली की ती आधी स्वतःच एक मोठा श्वास घेई. पण हात हलका होता. केसाएवढ्या बारीक सुया ती डोक्यात, मनगटाजवळ, गुडघ्याखाली, पावलावर लावी आणि प्रत्येक सुईमागे विचारी, "काका, जड वाटतंय? मुंग्या? आत कुठे ओढल्यासारखं?"

"हो, हो," मास्तर म्हणत. "छान."

सुया काढल्यावर ती लगेच पाय हलवून घेई. "आता थोडा वेळ स्नायू सैल राहतील काकू, हीच वेळ आहे. आराम नंतर. सुई एकटी काही करत नाही, मेहनत तुमची दोघांची." काकू मान डोलावत आणि घरी आल्यावर घाम निघेपर्यंत मास्तरांचा पाय वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर करत बसत.

असे बरेच आठवडे गेले. हाताने आता शर्टाचं बटण लागायला लागलं. पाय ढिम्म. डॉक्टर मुलीच्या कपाळावर आठी दिसू लागली. दारापर्यंत सोडायला आली की हळूच म्हणे, "काकांना सगळीकडे जाणवतंय म्हणतात. एवढं जाणवतंय तर पायाने काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं."

इकडे घरात मास्तर दिवसेंदिवस गोड होत चालले होते. चहात साखर विसरली तरी "छान झालाय." व्यायामाच्या बाईंना "छान." फोनवर लेकीला "जमतंय गं, काळजी करू नकोस." येणारेजाणारे म्हणत, आजारपणाने मास्तर किती शांत झाले. काकूंना मात्र त्या शांतपणाचा धसका बसला होता, पण का ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. मग एक दिवस मास्तर म्हणाले, "गॅरेजवाल्याला फोन केलाय मी. शनिवारी येईल. तो दुसरा ब्रेक काढून टाकू. साधी गाडी होऊन जाईल. तुलाही बरी."

"मला काही त्रास होत नाही त्याचा," काकू म्हणाल्या.

"आता कसा होईल? दाबणारं कोण आहे?" मास्तर हसले. तेही गोड.

शनिवारी गॅरेजवाला हत्यारांची पेटी घेऊन आला. काकूंनी त्याला दारातच चहा दिला आणि "पुढच्या शनिवारी बघू" म्हणून वाटेला लावला. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, पुन्हा चहा प्याला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा येताना त्याने पेटी आणलीच नाही.

त्यानंतरची एक सकाळ. मास्तर पलंगावर डोळे मिटून पडले होते. डॉक्टर मुलीने गुडघ्याखाली ओला कापूस फिरवला, सुईचं पाकीट फाडायला घेतलं, तेवढ्यात तिच्या हातून ते खाली पडलं. ती उचलायला वाकली. पाकिटाचा आवाज ऐकून मास्तरांना वाटलं, सुई लावून झाली.

"हो, जाणवतंय," ते म्हणाले. "मुंग्या आल्या. छान. जमतंय, जमतंय."

काकू पायथ्याशी स्टुलावर बसल्या होत्या. त्या आवाजावर त्या उठून उभ्याच राहिल्या. हा आवाज त्यांनी किती वेळा ऐकला होता! फुटपाथवर चढलेल्या गाडीतून, काचा खाली केलेल्या असताना. डॉक्टर मुलगी पाकीट हातात धरून तशीच वाकलेली राहिली.

"अहो," काकू म्हणाल्या, "सुई अजून लावलीच नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. चोरी पकडली गेल्यासारखे ते छताकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पोर नवीन आहे. इतकं मन लावून करते. तिचं मन कशाला मोडा?"

"म्हणजे पहिल्यापासून?" डॉक्टर मुलीने विचारलं. "पायात काहीच जाणवत नव्हतं?"

"यांनी तुम्हाला नापास केलंय, डॉक्टर," काकू म्हणाल्या आणि त्यांना एकदम रडू फुटलं. "तुम्हाला, मला, पोरीला, सगळ्यांना. यांना आशा असते तेव्हा हे ओरडतात. तुम्हाला ठाऊक नाही, पण मला तरी कळायला हवं होतं! दिवसभर छान छान ऐकतेय आणि पाय चोळतेय."

"तिला नाही नापास केलं," मास्तर हळूच म्हणाले. "पायाला केलं. गाडीच बंद पडली आहे गं. चालवणाऱ्याला कशाला बोल लावायचा?"

डॉक्टर मुलीने नाक पुसलं. तिला राग आला होता आणि रागात ती मोठा श्वास घ्यायचंही विसरली. "गाडी बंद आहे की नाही ते मी बघेन, काका. तुम्ही नुसतं खरं बोला. परत खोटं बोललात तर दुप्पट सुया." तिने स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. पावलावर. "इथे?" "नाही." घोट्याजवळ. "इथे?" "नाही." पोटरीत. "नाही." काकू प्रत्येक 'नाही'ला ओठ चावत होत्या, पण खरं सांगायचं तर त्या 'नाही'चाही त्यांना आधार वाटत होता. नवरा निदान खरं बोलत होता. मग गुडघ्याच्या खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला सुई गेली आणि मास्तर म्हणाले, "थांब."

"काय वाटतंय?"

"मुंग्या नाहीत. पण काहीतरी आहे. लांब. शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसं."

त्या दिवसापासून सुया तिथून सुरू झाल्या. डॉक्टर मुलगी दोन सुयांना एका छोट्या यंत्राच्या तारा लावी, त्यातून वीज इतकी हळू जाई की फक्त स्नायू थरथरे, आणि पाऊल जरासं खाली दबे. "हे विजेने केलं," ती म्हणे. "आता ती दाबेल तेव्हा तुम्हीही तिच्याबरोबर दाबा. नुसते बघत बसू नका. आधी खाली दाबणं येतं, वर उचलणं मागून येतं." मास्तर दात आवळून दाबत. दाबलं जातंय की नाही ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. एकदा काकू दुकानातून औषधं घेऊन परतल्या तर पडद्याआडून आवाज, "अगं सरकव की जरा वर! इतकी घाबरतेस काय, सुई आहे ती, भाला नाही!" डॉक्टर मुलगी पडदा सारून बाहेर आली. तिचा चेहरा फुलला होता. "काकू," ती कुजबुजली, "मला ओरडले."

पण घरी पाय ढिम्मच. यंत्र असलं की थरथरे, यंत्र काढलं की लाकूड. आणि ओरडायला लागलेले मास्तर आता ब्रेकच्या बाबतीतही ओरडायला लागले. "या शनिवारी त्याला पेटीसकट बोलाव. तुला काय, तू समोर बघून चालवतेस. मला रोज तिथे पाय ठेवून बसावं लागतं. ज्या ब्रेकवर आयुष्य काढलं, त्यावर मेलेला पाय टेकवून बसायचं म्हणजे काय असतं, तुला कळतंय का?"

काकूंना कळलं. तोवर त्यांनी हा विचारच केला नव्हता. आपली आशा त्या रोज दोन्ही हातांनी उचलून त्या ब्रेकवर ठेवत होत्या, आणि तिचं ओझं त्यांच्या नवऱ्याच्या पायावर येत होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "या शनिवारी काढू." आणि यावेळी त्यांनी स्वतः गॅरेजवाल्याला फोन केला.

शुक्रवारी निघाले. काकूंनी पाय उचलून जागेवर ठेवला. टाच खाली, चवडा ब्रेकला. हे आता शेवटचं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पावलावरून उगाच एकदा हात फिरवला. मास्तरांनी बघितलं. गाडी गल्लीतून बाहेर पडली. काकूंचं लक्ष रस्त्यावर होतं आणि नव्हतंही. उद्या तो ब्रेक निघाला की गाडी साधी होणार, मग यांना मागे बसवायचं की पुढे, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं. पोस्टाचं वळण आलं. गाडी जरा जोरात होती, पण यावेळी मुद्दाम नव्हे. वळणापलीकडे, बऱ्याच लांब, थांब्यावर एक बस उभी होती. तेवढ्या अंतरात दहा वेळा थांबता आलं असतं. काकूंनी सावकाश पाय उचलून ब्रेकवर ठेवला.

ब्रेक पायाखालून निघून गेला.

टक्.

गाडी थांबली. काकूंचा पाय ब्रेकवर होता, पण दाबला त्यांनी नव्हता. पायाखाली ती जुनी ओढ होती, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असल्याची. जिच्यापायी एके काळी किल्ली फेकली होती, ती. काकूंना मान वळवायची भीती वाटली. मागून हॉर्न वाजला.

"अहो," त्या समोर बघतच म्हणाल्या. "गाडी मी चालवतेय की तुम्ही?"

आणि मास्तर ओरडले. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंवर गाडीत पहिल्यांदा ओरडले. "बस दिसत नाही समोर? डोळे कुठे ठेवलेत? वळणावर हा वेग? हे शिकवलं मी तुला?"

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता हुंदके द्यायला लागल्या. मागे हॉर्नवर हॉर्न. "बरं, बरं. चुकलं माझं. आता सोडा ब्रेक."

मास्तर खाली बघत होते. ओरडण्याचा जोर उतरला होता. "सुटत नाहीये," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दाबला गेला. आता उचलता येत नाही."

काकू उतरल्या, वळसा घालून त्यांच्या बाजूला गेल्या, दार उघडलं आणि भर रस्त्यात गुडघ्यावर बसून त्यांनी ते पाऊल दोन्ही हातांत धरलं. रोज धरत होत्या तेच पाऊल. पण आज ते हातात येऊन पडलं नाही. आज ते त्यांच्या हातांविरुद्ध जोर लावत होतं, हट्टी मुलासारखं. त्यांनी ते ओढायचं सोडून नुसतंच धरून ठेवलं.

मागच्या गाडीतला माणूस तावातावाने खाली उतरून आला. "अहो बाई, काय तमाशा लावलाय रस्त्यात?"

"यांनी ब्रेक दाबलाय," काकूंनी वर बघून सांगितलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

"मग सोडायला सांगा ना!"

"ते अजून शिकायचंय," काकू म्हणाल्या. "दाबायचं आज जमलं."

त्या माणसाने आत बघितलं, मास्तरांकडे, मग काकूंच्या हातातल्या पावलाकडे. मग तो मागे जाऊन इतर गाड्यांना हाताने बाजूने वाट करून देऊ लागला.

शनिवारी गॅरेजवाला आला, पेटीसकट. काकू अंगणात गाडीचं दार उघडून उभ्याच होत्या.

"काढायचा ना ब्रेक?" त्याने विचारलं.

"काढायचा नाही. फार जड चालतो. तेल घालून जरा हलका करून दे, म्हणजे यांना त्रास होणार नाही."

खिडकीत बसलेल्या मास्तरांनी ते ऐकलं. "हलका-बिलका काही नको!" त्यांचा आवाज शेजारच्या दोन घरांत पोचला. "पाय मेलाय का माझा? होता तसा राहू दे!"

गॅरेजवाल्याने काकूंकडे बघितलं. काकूंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि गाडीचं दार लावून घेतलं.